पाया पडला त्याने पाडायचे नाही

एका गावात एक पैलवान होता आणि तो कधी हरत नसे. कधी न हरणे ही चांगली गोष्ट आहे, असे आपण सगळे धरून चालतो. ही गोष्ट वाचून झाली की त्यावर पुन्हा एकदा विचार करा.

पैलवानाचे नाव सुभाना. गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. चैत्रात तिथे भैरोबाची जत्रा भरे आणि पालखी झाली की दुसऱ्या दिवशी देवळामागच्या हौद्यात कुस्त्या लागत. आधी लहान पोरांच्या, मग मोठ्यांच्या, आणि ऊन उतरले की शेवटची. शेवटच्या कुस्तीत एका बाजूला सुभाना असे. दुसऱ्या बाजूला त्या वर्षी गावात सगळ्यांना भारी पडलेला कोणी तरणाबांड पैलवान असे.

या शेवटच्या कुस्तीसाठी राजाचा कारभारी राजधानीहून मुद्दाम येई. ती जिंकणाऱ्याला राजाच्या तालमीत न्यायचे, तिथे त्याचा सगळा खुराक राजाने चालवायचा, असा जुना रिवाज होता. सुभानाही तरुणपणी असाच गेला होता. राजधानीतल्या भल्याभल्यांना अस्मान दाखवून, नाव मिळवून तो गावी परतला होता. आता त्याला पुन्हा नेण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून तो जिंकला की कारभारी त्याला फेटा बांधी, पानसुपारी घेई आणि रिकाम्या हाताने परत जाई. आणि ज्याने शेवटची कुस्ती एकदा गमावली, त्याला ती पुन्हा मिळत नसे.

असे बरीच वर्षे चालले होते.

सुभाना लंगोटाचा पक्का. त्याने लग्न केले नाही. आईवडील कधीच गेले होते. घरात तो आणि त्याचे फिरवायचे लाकडी मुद्गल. गावाला त्याचा अभिमान फार. तो पाराकडे आला की बसलेली माणसे उठून उभी राहत. ती उभी राहिली की त्यांचे चाललेले बोलणे थांबे. मग कोणीतरी म्हणे, "काय म्हनता, पैलवान?" आणि पैलवान काही म्हणायच्या आत सगळ्यांना बैलांना पाणी दाखवायची आठवण होई. आया पोरांना सांगत, "भाकरी खा, म्हंजी सुभाना पैलवानावानी हुशील." आणि तीच पोरे सुभाना समोरून आला की आईच्या निऱ्यांमागे लपत. फार मान मिळाला की असे होते. सगळे वाट देतात आणि शेजारी कोणी बसत नाही.

तो स्वतःच भाकऱ्या थापी आणि स्वतःच खाई. कधी कधी बोलायचे म्हणून चुलीशीच बोले. "पेट की गं बाई," म्हणे. चूल काही उत्तर देत नसे, पण निदान पेटे तरी.

मग वय झाले. ते सगळ्यांचे होते, पैलवानाचे जरा लवकर होते. गुडघे वाजू लागले. श्वास पुरेना. एका जत्रेत नरसू नावाचा पोरगा समोर असताना भर कुस्तीत सुभानाचा गुडघा दुमडला. नरसूने तेव्हा नुसता धक्का दिला असता तरी कुस्ती झाली असती. पण कुस्तीआधी तो सुभानाच्या पाया पडला होता. ज्याच्या पायावर डोके ठेवले त्यालाच मातीत घालायचे, हे त्याच्याने होईना. तो क्षणभर घुटमळला आणि मग आपणच हळूच पाठीवर गेला. सुभाना वर आला. हलगी कडाडली. लोकांनी फेटे उडवले.

ज्यांना कळायचे त्यांना कळले होते. पण कोणी बोलले नाही. उलट पुढच्या वर्षीपासून तो गावाचा कायदाच होऊन बसला. पाया पडला त्याने पाडायचे नाही. आणि लहानाने मोठ्याच्या पाया पडल्याशिवाय हौद्यात कुस्ती लागतच नाही, म्हणजे सुभानाला पाडायचे कोणी, हा प्रश्नच मिटला. कोणी पोरगा कुरकुरला तर घरचेच त्याला गप्प करत. "पैलवानाला पाडून गावात त्वांड कसं दाखवशील?" म्हणत. खरे तर गावाला दुसरीच गोडी लागली होती. आसपासच्या बाजारात गेले की छाती काढून सांगता येई, "आमचा पैलवान अजून पडला न्हाई." या एका वाक्यासाठी गाव दर वर्षी आपले एक पोर मातीत घालत होते. पैलवानाला यातले काही कळत नाही, असे गाव समजत होते.

त्या वर्षी शेवटच्या कुस्तीला हैबतीचे नाव निघाले. हैबती हा गोदाक्काचा एकुलता एक मुलगा. गोदाक्का विधवा बाई, चुरमुरे भाजून विकायची. भट्टीची धग सोसून सोसून तिचे हात काळवंडले होते आणि जीभही तशीच तापलेली असे. तिने पोटाला चिमटा घेऊन पोराला दूध पाजले होते. पोरगा खरोखरच भारी निघाला होता. त्याच्यासारखा गडी गावात पुष्कळ वर्षांत झाला नव्हता.

जत्रा तोंडावर आली असताना एका सकाळी ती सुभानाच्या अंगणात येऊन उभी राहिली. सुभाना जोर काढत होता. थोडे जोर, मग पुष्कळ विसावा, असे चालले होते.

"पैलवान, येक बोलायचं हुतं."

"बोल की, आक्का. बस आदी."

ती बसली नाही. "यंदा माझा हैबती हाय तुमच्या म्होरं."

"ठावं हाय. झ्याक तयार झालाय. मान लई भक्कम हाय त्याची."

"त्यो पडनार हाय. तुमच्या पाया पडंल आन् मग पडंल." गोदाक्का एक पाऊल पुढे आली. "तुमाला खरं सांगाया गावात कुनी येत न्हाई, म्हनून मी आले. पैलवान, तुमी जिंकत न्हाईसा. पोरं पडत्यात."

आता हा माणूस चिडेल, नाहीतर खचेल, असे तिला वाटले होते. सुभानाने पंच्याने मानेवरचा घाम पुसला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

गोदाक्का बघतच राहिली. "कवापासनं?"

"नरसूपासनं. आक्का, समूरचा गडी जोर लावतोय का लावल्यावानी करतोय, ह्ये मानंला हात पडल्याबराबर कळतं. सगळं आयुष्य त्यातच गेलं माझं."

"मग कशापायी उतरतासा हौद्यात?"

सुभानाने पंचा खांद्यावर टाकला. मग तो बोलला ते असे, की जणू पहिल्यांदाच स्वतःलाही ऐकवत होता.

"वरीसभर मला कुनी हात लावत न्हाई, आक्का. पाया पडत्यात, पर त्यो हात पायाला लागतो. जत्रंच्या दिशी येक पोरगं येतं. मानंला इळखा घालतं. छातीला छाती लागती. त्याचा दम कानाला लागतो. घटकाभर मी येकटा नसतो बघ. खोटं का हुईना."

गोदाक्काचे डोळे भरून आले. तिलाही एकटेपण काही नवे नव्हते. पण ती आई होती. तिने पदराने डोळे कोरडे केले आणि म्हणाली, "मानसं पायजे हुती तर मानसं मागायची हुतीसा. माझ्या पोराची पाठ कशाला मागतासा?"

आणि ती निरोपही न घेता निघून गेली.

सुभानाला आधी राग आला. राजाने पाठीवर थाप मारलेला माणूस तो, आणि चुरमुरे भाजणारी बाई त्याला बोलून गेली. पण राग भाकरी थापेपर्यंतच टिकला. मग त्याला त्या पोरांची आठवण होऊ लागली. दर वर्षी एक पोरगा. त्यांचे हात, त्यांच्या माना त्याला ओळखू येत होत्या. पुढे त्यांचे काय झाले, हे मात्र त्याने कधी विचारले नव्हते.

दुपारी तो नरसूकडे गेला. नरसू डोंगराच्या कडेला खाणीत दगड फोडत होता. पैलवान आलेला पाहून तो घाईघाईने उठला आणि हात झटकून पाया पडला.

"नरसू," सुभाना म्हणाला, "त्या साली तू मला पाडू शकत हुतास."

"पाया पडलो हुतो न्हवं?" नरसू हसला. त्याच्या आवाजात काही अढी नव्हती. मग त्याने जरा संकोचून विचारले, "पैलवान, राजधानी कशी असती हो? तुमी बगितलीया."

 सुभाना तसाच माघारी वळला. एवढी जड वाट तो आयुष्यात कधी चालला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटील आले. गोदाक्का पैलवानाकडे जाऊन आल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. ते गोड बोलणारे गृहस्थ होते.

"पैलवान, मी म्हंतो, यंदा बरं न्हाई म्हनून सांगू. कारभारीसाहेबांस्नी मी बगून घेतो. न हरता घरी बसलासा तर नाव ऱ्हाईल. तुमचं बी आन् गावाचं बी."

सल्ला काही वाईट नव्हता. थकलेल्या पैलवानाने थांबावे, हे तर कोणीही सांगेल. सुभानाच्याही मनात ते आले. घरी बसले की झाले. पाठ मातीला लागणार नाही, फेटा उतरणार नाही. पण शेवटची कुस्तीच लागली नाही तर कारभारी कोणाला नेणार? हैबती इथेच राहील आणि दोन वर्षांनी नरसूच्या शेजारी दगड फोडत बसेल. आणि सुभानाने स्वतःच मुद्दाम पाठ टेकली तर? तर तेही खोटेच. इतकी वर्षे पोरे त्याच्याशी खोटी लढली, आता तो एका पोराशी खोटा लढणार, एवढाच फरक.

"मी उतरनार हाय," तो पाटलांना म्हणाला. पाटलांना बरे वाटले. दर वर्षीसारखा यंदाही पोरगाच पडेल, असा अर्थ त्यांनी घेतला होता.

जत्रेचा दिवस आला. ऊन उतरले. हलगी घुमू लागली. हौद्याभोवती माणसांची दाटी झाली. कारभारी गालिच्यावर बसले, शेजारी पाटील बसले. सुभानाने मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि हौद्यात उतरला. समोरून हैबती आला. पोरगा उमदा होता, पण चेहरा उतरलेला होता. रिवाजाप्रमाणे तो वाकला.

सुभानाने त्याला दोन्ही खांद्यांना धरून वरच्या वर उभा केला.

"पाया मागनं पड," तो म्हणाला. "आदी मला पाड."

हैबती गोंधळला. "पैलवान, लोक श्या देतील मला."

"देऊ देत. तू खोटा पडलास तर मी देईन."

हैबतीने त्याच्या मानेवर हात टाकला. हात मऊ होता. सुभानाने तो झटकून लावला. "ह्यो न्हवं. तुझा हात टाक."

आणि एवढे बोलून त्याने खाली झेप घेतली, हैबतीचा पाय धरला आणि पट काढून त्याला असा फेकला की पोरगा पाठीवर जाता जाता कसाबसा कुशीवर वळला. लोक ओरडले. हैबती उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला होता. हा म्हातारा खरोखर लढतो आहे, हे त्याला कळले. मग त्यानेही मान धरली. आता हात मऊ नव्हता.

किती वर्षांनी सुभानाच्या मानेवर खरा हात पडला होता! दुखत होते. हाडे बोलत होती. आणि त्या दुखण्यात त्याला इतका आनंद झाला की तो क्षणभर हसला. त्याने होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. काही राखून ठेवले नाही. एकदा हैबतीचा खांदा मातीपासून बोटभर वर राहिला. तेवढ्याने सुभानाच्याही मनात आले की आपण खरोखरच जिंकू. तो मोह मोठा होता. पण हैबती निसटला, आणि तोच सुभानाचा गुडघा दुमडला.

हैबती थबकला. त्याच्याही हाताला तेच आठवले, जे गावाने सगळ्या पोरांना शिकवले होते.

"थांबू नगंस!" सुभाना ओरडला.

हैबती थांबला नाही.

सुभानाची पाठ मातीला लागली. आयुष्यात त्याने अनेकांना अस्मान दाखवले होते. ते कसे दिसते, हे त्याला आज कळले. ते निळे होते आणि पुष्कळ मोठे होते. तो तसाच पडून बघत राहिला. हलगी वाजली नाही. हलगीवाल्याला काय करावे तेच सुचेना. मग हैबती रडत रडत त्याच्या पाया पडला आणि कारभारी गालिच्यावरून उठले.

कारभाऱ्यांनी हैबतीला फेटा बांधला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घोड्यामागोमाग हैबती राजधानीला गेला. गोदाक्का वेशीपर्यंत गेली आणि गाडीवाटेवरची धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या दिवशी तिने भट्टी लावली नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण गाव काही लगेच शहाणे होत नाही. गावाला सुभानाचा राग आला. त्यांचे छाती काढून सांगायचे वाक्य त्याने मातीत घातले होते. आता तो पाराकडे आला तर कोणी उठून उभे राहीना. बोलणेही थांबेना. सगळे आपापले बोलत राहत, जसा काही तो तिथे नाहीच. मान गेला, पण त्याच्या जागी सोबत आली नाही. पूर्वी वर्षातून एकदा तरी कोणी मानेला हात घालायचे. आता तेही उरले नाही.

सुभानाने जोर काढणे सोडले. कशासाठी काढायचे? सकाळ संपता संपेना. चूल पेटवायचा कंटाळा येऊ लागला. एकदा तो भाकरी पुढ्यात घेऊन बसला आणि घास काही केल्या घशाखाली उतरेना. तेव्हा त्याला गोदाक्काचे बोलणे आठवले. माणसे हवी होती तर माणसेच मागायची, असे ती म्हणाली होती. मागणे म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हते. त्याने आजवर आव्हान दिले होते, आव्हान घेतले होते. मागितले कधीच नव्हते.

त्याने भाकरी फडक्यात बांधली आणि तो निघाला. काय बोलायचे ते वाटेत मनाशी म्हणून पाहिले. गोदाक्काच्या बोळाच्या तोंडाशी आला आणि मागे फिरला. इतकी धास्ती त्याला हौद्यात कधी वाटली नव्हती. मारुतीच्या देवळापर्यंत परत जाऊन तो पुन्हा वळला आणि या खेपेला सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

गोदाक्का भट्टीपुढे बसली होती. तापल्या वाळूत चुरमुरे फुटत होते. तिने मान वर केली.

"आक्का," सुभाना म्हणाला, आणि पाठ केलेले सगळे विसरला. "येकट्यानं भाकरी गिळवंना. तुज्या दारात बसून खाऊ का?"

गोदाक्काने त्याच्याकडे बघितले, मग त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघितले.

"दारात कशाला? आत या. कालवन हाय माझ्यापाशी."

तो आत जाऊन बसला. तिने कालवण वाढले, कांदा फोडून दिला. स्वतःलाही वाढून घेतले आणि बोलू लागली. हैबतीचा निरोप आला होता. तिथे दूध भरपूर मिळते, पण झोपायला गार फरशी आहे म्हणे. यंदा वाळू चांगली मिळाली नाही, चुरमुरे करपतात. शेजारणीची म्हैस आटली. सुभाना ऐकत होता. यातल्या एकाही गोष्टीसाठी त्याच्याकडून काही जिंकून हवे नव्हते. तो जेवत होता आणि घास उतरत होता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आक्का, ती पोरं पडायच्या आदीच म्या असं दारात येऊन मागितलं असतं, तर दिलं असतंस?"

गोदाक्काने वाळूतला झारा थांबवला. तिला खोटे बोलता येत नसे, आणि त्या क्षणी यावे असे तिला वाटले असावे.

"दिलं असतं, पैलवान. कुनीबी दिलं असतं," ती हळू म्हणाली. "भाकरीच तर हुती."

सुभाना रडू लागला. एवढा मोठा गडी, पण लहान पोरासारखा हुंदके देत रडला. गोदाक्काने त्याला उगी केले नाही. ती उठली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि त्याच्या ताटात आणखी थोडे कालवण वाढले.

तात्पर्य: सोबत हवी असेल तर ती सरळ मागावी, तिच्यासाठी जिंकत राहू नये. मान धरून बसलेला माणूस स्वतः एकटा राहतोच, आणि दुसऱ्याची वाटही अडवून ठेवतो.